टायरवाल्याचा गडगा

हातखंब्याच्या नाक्यावरच्या टायरवाल्याकडे मी कित्येक वर्षं जातोय, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याचं प्रत्येक वाक्य "तसं नाय हो" ने सुरू होतं, समोरचा त्याचंच म्हणणं मान्य करत असला तरी.

यंदा आंब्याच्या पेट्या वाहायला माझ्या पिकअपला मोठ्या डिस्क आणि ट्रकसारखे जाड टायर घालायचं मनात आलं. त्याने ते चढवले. गाडी अशी ऐटीत उभी राहिली की मी लगेच चावी मागितली.

"तसं नाय हो. रिकाम्या गाडीला सगळंच शोभतं. आधी वजन पडू दे."

दुकानासमोर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ढीग होता. त्यातले तीसेक चिरे आम्ही दोघांनी हौद्यात भरले आणि तो माझ्या शेजारी बसला. पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला घासला.

"ऐकलंत? एक नंबर लहान घाला."

हातची मोठी विक्री सोडणारा माणूस! मी मनातून हात जोडले. तो मात्र डावीकडे, मग चढावर अशी बोटं दाखवत राहिला आणि एका घरापुढे त्याने गाडी थांबवायला सांगितली. ते त्याचंच घर होतं. अंगणाभोवती चिऱ्यांचा गडगा कमरेपर्यंत आला होता, वरचे थर बाकी होते.

चिरे उतरवून माझी कंबर धरली, तेवढ्यात त्याची बायको कोकम सरबताचे दोन पेले घेऊन बाहेर आली.

"यांचेपण टायर घासले काय ओ?"

"तसं नाय गो," तो म्हणाला, आणि उतरवलेले चिरे मोजायला लागला.