शहागडला उतरलेली मुलगी

जालन्याच्या बसस्टँडवरून मी पुण्याला निघालो, त्या सकाळी आबा माझ्याशी फारसे बोललेच नाहीत. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते गाडीत चढले, माझी पत्र्याची पेटी सीटखाली सरकवली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "दादा, पोरगं पहिल्यांदाच चाललंय. जरा ध्यान ठिवा." मग माझ्याकडे वळून, "हे हायेत. काही अडलं तर ह्यांना बोल."

आमच्याकडे ह्याला हवाली करणं म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिसरूड फुटलेला मी, इंजिनिअरिंगला निघालेला, आणि बापानं मला पार्सलासारखं सोपवलं! त्या गृहस्थांनी तर काम फारच मनावर घेतलं. नगरला लघवीला उतरलो तर ते खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "अय जालना! चल जल्दी, गाडी निघून राह्यली!" उरलेल्या प्रवासात सगळे प्रवासी मला जालनाच म्हणत होते.

तुम्ही जे जुन्या जालन्याच्या गल्लीत राहिलात, त्यांना ह्यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. तिथं लेकरू घराबाहेर पडलं की कापड दुकानापासून धान्याच्या आडतीपर्यंत दहा जण विचारायचे, "कुणाचा रे तू? कुठं चालला?" तो जाच वाटायचा. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना मात्र ठाऊक आहे, की पुण्यात हे विचारणारं कुणी नसतं. म्हणून आम्ही यंत्रं घेतली. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, स्कूल व्हॅनचा मेसेज, आणि माझ्या मोबाइलच्या नकाशावर माझ्या मुलीचा, सानूचा, निळा ठिपका. क्लासला गेली की ठिपका बघायचा, मैत्रिणीकडे गेली की ठिपका बघायचा. ती पहिलीत असताना आम्ही घरात एक गुप्त शब्दही ठरवला होता. "पप्पांनी पाठवलंय" असं कुणी म्हणालं, तर आधी शब्द विचारायचा. शब्द सांगता आला नाही, तर तिथून निघायचं, माणसांत जायचं, मोठ्यानं बोलायचं. हे मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

दहावीची परीक्षा संपल्यावर ती म्हणाली, "मी आबांकडे एकटी जाणार. म्हणजे खरंच एकटी. तो ठिपका बंद, आणि तुम्ही कुणालाही काही सांगायचं नाही. प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हणालो. तिची आई माझ्याकडे बघून हसली. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

पुण्याच्या स्टँडवर सानू पाण्याची बाटली घ्यायला गेली आणि तेवढ्यात मी तो वचनभंग केला. तिच्या मागच्या सीटवर पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. बोलण्यावरून आपल्याकडचेच वाटले. विचारलं तर अंबडजवळच्या एका गावचे निघाले, शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातले. "अंबड म्हणजे आपलेच की," मी म्हणालो. दोन वाक्यांत मी माझी मुलगी त्यांच्या हवाली केली. तिचं नाव सांगितलं, जालन्याला उतरणार हे सांगितलं, माझा नंबर दिला. "तिला कळू देऊ नका," हेही सांगितलं. "काळजी करू नगा साहेब," ते म्हणाले.

दुपारी ऑफिसात होतो. सानूचा फोन आला. आवाज अगदी दबका. "पप्पा, तुम्ही गाडीत कुणाला माझ्याबद्दल काही सांगितलंय का?"

मला वाटलं, तिला नुसता संशय आलाय. आता खरं बोललो तर वचन गेलं. मी म्हणालो, "नाही. का गं?"

फोन कट झाला. नंतर तिनं उचलला नाही.

मागे काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. गेवराई सोडल्यावर त्या टोपीवाल्या बाबांनी मायेपोटी तिला पेरू दिला. ती घेईना, तेव्हा म्हणाले, "घे सानू बाई, तुझ्या पप्पांनीच सांगितलंय मला." तिनं शब्द विचारला. "कसला शबुद?" ते म्हणाले. तिनं मला फोन केला आणि मी 'नाही' म्हणालो. गाडी शहागडला थांबली तशी ती बॅग उचलून उतरली, माणसांत गेली आणि मोठ्यानं बोलली. शिकवल्याप्रमाणे, बराबर. आणि शब्दाला जागणारे बाबा तिच्यामागं उतरले, कारण पोरगी अर्ध्या वाटेत हायवेला उतरली होती.

पुढचा फोन बाबांच्या नंबरवरून आला. मागे ट्रकचे हॉर्न आणि माणसांचा गलका. कुणीतरी ओरडत होतं, "म्हातारपणी लाज न्हाई व्हय रे? पोरीच्या मागं उतरतो!" एक बाई म्हणत होती, "मारू नका, आधी बोलू द्या त्याला." मग बाबांचा धापा टाकणारा आवाज, "साहेब, तुमी सांगा ह्यांना. तुमीच म्हणलं व्हतं ना?"

मी लगेच बोललो नाही. किती वेळ, ते मी मोजलं नाही, पण तेवढ्या वेळात मला एक चापट ऐकू आली. मग मी म्हणालो, "हो. मीच सांगितलं होतं. त्यांना सोडा."

फोन स्पीकरवर होता. सानूनं ते ऐकलं.

ती सुखरूप जालन्याला पोचली. आबांनी रात्री फोन केला. रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. "हवाली करायचं तर लेकराच्या देखत करायचं असतं," एवढंच म्हणाले. "म्या तुझ्या मागं कधी काही केलं का?"

सानू परत आल्यावर मी तिच्यासमोर बसलो, सॉरी म्हणालो. मग तिनं सांगितलं, की गर्दी पांगल्यावर ती बाबांजवळ बसली, त्यांची टोपी झटकून दिली, दोघांनी चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं अंबडपर्यंत ते सोबतच गेले. "मी त्यांची माफी मागितली," ती म्हणाली. "माझ्या वाटची. तुमच्या वाटची तुम्ही मागा."

मी फोन करून बघितला. तो नंबर माझा फोन उचलत नाही. सानूचा उचलतो. नातवंडांची, मेंढरांची खबर तिला मिळते. मला ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

इतकी वर्षं घर म्हणजे मला ती गल्ली वाटायची, जिथं दहा जण माझ्यावर नजर ठेवून होते आणि कुणीही माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. पुण्यात मी फक्त नजर नेली. आता जालन्याला जायचं झालं तर मी संभाजीनगरवरून जातो. आबा विचारतात, "इकडून का रे आलास?" मी म्हणतो, रस्ता चांगला आहे. सानू मात्र शहागडवरूनच जाते. एकटी.