नाव एक, वैशाली दोन

मंडळी, जुन्नरच्या एसटी स्टँडवर बसून लिहितेय.

आज कॉलेजात जावाची, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या भाषेची, तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या सरांनी माझा प्रोग्राम उघडला आणि विचारलं, "मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य भागात, a दहा आहे. तो या मेथडला, म्हणजे खालच्या उपभागाला दिला, तिथं a वीस केला. परत आल्यावर a दहाच कसा? नाव तर तेच आहे!"

मी नुसत्याच स्क्रीनवरच्या ओळी वरखाली करायला लागले. सर घड्याळ बघायला लागले. आता गेला विषय, असं वाटलं.

तेवढ्यात शिपायानं पुढच्या मुलीला हाक मारली, "वैशाली!" घाबरून मीही उठले आणि दारातून मढ गावची वैशालीही आत आली. मी पिंपळवंडीची वैशाली.

एकदम ट्यूब पेटली. "सर, नाव एक, पण a दोन हायेत! मेथडला फक्त किमतीची कॉपी मिळती. हिनं सकाळी मला प्रोग्राम पाठवला, मी माझ्यात बदल केले, हिचा व्हता तसाच राहिला. तसंच!"

बोलले आणि जीभ चावली.

सर शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर. म्हणजे प्रोग्राम हिचा?"

कॉपीचं काहीही झालं तरी मूळ a ला धक्का लागत नाही, हे मीच सांगितलं होतं. तरी उद्या दोघींनाही चौकशीला परत बोलावलंय.

समोर मढची गाडी लागलीय. वैशाली खिडकीत बसलीय, माझ्याकडं बघतसुद्धा नाही.

सांगा राव, गाडी सुटायच्या आत तिला जाऊन काय म्हणू?