एकनाथकाकाचा गुडघा

पालघरकडच्या दांडी गावातल्या एकनाथकाकाचा उजवा पाय बोटीवरच्या मशीनच्या पट्ट्यात गेला, पण गुडघा वाचला. गुडघा हाय तवर बोट हाय, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. खरंच होतं ते. गुडघा असला की माणूस बोटीत चढतो, तोल सावरतो, जाळं ओढतो.

त्याची पुतणी हंसा मुंबईला कृत्रिम अवयवांच्या पदवीला होती. अठ्ठ्याऐंशी साली शेवटच्या वर्षाला संशोधनाचा प्रकल्प आला आणि तिने विषय घेतला, मच्छीमारासाठी हलका पाय. पेशंट घरचाच. सुकत्या बोंबलांशेजारी बसून तिने काकाच्या थोट्यावर, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या खुंटावर, प्लास्टर गुंडाळलं, साचा घेतला. महिन्याभराने पाय तयार झाला, आतून मऊ कातडं लावलेला. काकाने तो सहा आठवडे वापरायचा, हंसाने दर रविवारी येऊन नोंद करायची. "खाऱ्या पाण्यात घालू नका," एवढं तिने एकदाच सांगितलं. दर्यावरच्या माणसाला हे सांगून काय उपयोग, हे दांडीच्या पोरीला कळायला हवं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात कातडं खारून ताठ झालं आणि थोटा सोलवटला. काकाने घरचं औषध केलं. रोज समुद्रात थोटा बुडवून बसायचा. खाऱ्या पाण्याने जखम भरते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग ओल्या थोट्यावरच मोजा आणि वरून नवा पाय चढवायचा. नलूकाकी म्हणाली, "पोरीला सांगा." तर तिच्यावरच डाफरला, "तिची परीक्षा हाय. तू गप ऱ्हा."

रविवारी हंसा विचारायची, "काका, दुखतं का?"

"नाय गो. झ्याक हाय."

मग तो अंगणात वीस पावलं चालून दाखवायचा आणि ती वहीत लिहायची. परक्या पेशंटला तिने आधी थोट्यावरचा मोजा काढायला लावला असता. दवाखान्यात कितीतरी पुरुषांचे थोटे तिने बिनदिक्कत तपासले होते. पण हा चुलता, बापाच्या जागी. मांडीपर्यंतचा मोजा उतरवा, असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? नको तिथे लाज आडवी आली, दुसरं काय!

पाचव्या आठवड्यात काका तापाने फणफणला, तेव्हा नलूकाकीने मोजा कापला. घरभर घाण वास सुटला. पालघरहून मुंबईला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढला.

"पेशंटने सूचना पाळल्या नाहीत, असं लिहा," मार्गदर्शक सर म्हणाले. "त्यात खोटं काय आहे?" खोटं नव्हतंच. आपण चार रविवार मोजा काढून पाहिलाच नाही, हे मात्र हंसाने लिहिलं नाही. ती पहिल्या वर्गात पास झाली.

निकाल सांगायला ती दांडीला गेली. काका ओटीवर पडून होता. सकाळीच एक गिऱ्हाईक बोट पाहून गेलं होतं.

"माज्याबद्दल काय लिवलंस गो?" त्याने विचारलं.

हंसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चांगलं लिहिलंय, काका."

काकाचा चेहरा उजळला. मान वळवून त्याने आत हाक मारली, "आयकलंस का नलू? पोरगी माज्यामुलं पास झाली."