पाणी यंदाचं, आकडे मागच्या बॅचचे

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी प्राजक्ता रसायनशास्त्र शिकते. प्रोजेक्टसाठी ती डोंगरातल्या तलावावर गेली होती. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत पाणी भरून तपासणीची औषधं तिथंच, काठावर घालावी लागतात, नाहीतर आकडा बदलतो. पोरीनं तीन ठिकाणी तसंच केलं. ऑक्सिजन फारच कमी निघाला, म्हणजे पाणी बिघडलेलं.

तिला ताप आलाय, म्हणून आज फाईल द्यायला मी कॉलेजात गेले. सर पान उलटून म्हणाले, "एवढा कमी असतो व्हय? मागच्या बॅचचे आकडे टाकायला सांगा की तिला. कोण विचारतंय!"

मी म्हटलं, "सर, खालचं गाव तेच पाणी पितं."

"ताई, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

कळतं. आमचे हे भवानी पेठेत सूत रंगवायचे. पाणी बदललं की रंग बसत नाही, म्हणून रंगाच्या कालच्या प्रमाणावर त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही. रोज आधी पाणी तपासायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आज ते हवे होते.

घरी येऊन सांगितलं, तर प्राजक्ता पांघरुणातूनच म्हणाली, "आई, मी आकडे बदलणार नाही."

तिचे मार्क जातील, जाऊ देत. पण खोटं लिहायला शिकवणाऱ्याचे मार्क कोण कापणार?