अंडं झालेला तुकडा

भीमराज,

नमस्कार-चमत्कार नकोत. या वयात तेवढा धीर उरलेला नाही. आज मुलुंडच्या घरी कपाट आवरताना तुमचा तुकडा सापडला. बोटाच्या पेराएवढा, मॅग्नेशियमचा, ठोका खाऊन चपटलेला.

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी तुम्ही अकरा वर्षं मरोळच्या गाळ्यात असे तुकडे लेथवर कातलेत. सुसाट सळईचा ठोका बसला की पापणी लवायच्या आत ते कसे दबतात, हे मी मोजायचे. लेथशेजारी वाळूची बादली असायची. या धातूचा कीस पेटला तर पाण्याने आणखी भडकतो. मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही दारातच अडवलंत. "मॅडम, पाण्याची बाटली बाहेर. इथे तहानसुद्धा विचारून लागते."

लाटलेल्या जाड पत्र्यातून काही तुकडे जाडीच्या दिशेने काढायचे, काही लांबीच्या. जाडीतला तुकडा ठोका झेलतो, लांबीतला लगेच नमतो. दिशा चुकली की सगळं वाया. म्हणून तुम्ही प्रत्येकावर मार्करने खूण करायचात.

त्या मे महिन्यात माझ्या विद्यार्थिनीचे, श्रुतिकाचे, आकडे उलटे आले. मी तडक गाळ्यात येऊन मालकांना, हर्षदशेठना, तुमच्यासमोर म्हणाले, "तुमच्या माणसाने दिशा उलटी कातली." त्यांनी तुम्हाला लेथवरून उठवून पॅकिंगला बसवलं. सव्वीस वर्षांचा हात!

तुम्ही भांडला नाहीत. ठोकलेले तुकडे मागून घेतलेत, चिमटीत फिरवलेत.

"मॅडम, हा गोल राहिलाय, हा अंड्यासारखा झालाय. तुमचे जुने तुकडे भंगारात येतात ना, मी बघत असतो. गोल राहतो तो जाडीतला, अंडं होतं तो लांबीतला. कातणी बरोबर आहे. तुम्ही तुकडे ठेवता त्या डब्यांवरची नावं बघा."

"मला शिकवताय?"

"मी कुठे? अंडं शिकवतंय."

परत गेले आणि आठवलं. तुकडे दोन वाट्यांत ॲसिटोनने मीच धुतले होते. खुणा पुसल्या गेल्या, आणि वाळवताना वाट्यांची अदलाबदल होऊन तुकडे उलट्या नावाच्या डब्यांत गेले.

आकडे सुधारले, श्रुतिकाला पदवी मिळाली. चूक माझी, असं तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही हसलात.

"ते माहीत होतं. तेवढं शेठना सांगा, म्हणजे लेथ परत मिळेल."

"उद्याच येते," मी म्हणाले.

मुलुंडहून मरोळ काही लांब नाही हो. आधी परीक्षा आल्या, मग गुडघा. खरं सांगू? ज्या माणसासमोर तुम्हाला बोलले, त्याच्याच समोर ‘मी चुकले’ म्हणायची हिंमत झाली नाही. तुम्ही पॅकिंगवरूनच रिटायर झालात. तरी दर चौदा एप्रिलला घाटकोपरहून तुमच्या सुंदराबाईंच्या हातच्या खिरीचा डबा घेऊन माझ्या दारात उभे. एकदाही विचारलं नाहीत.

डबा मी दरवेळी धुऊन परत देते. हर्षदशेठकडे मात्र अजून गेलेले नाही.