काचेवर नुसतं रक्त होतं

"तुला काचा धुवायला ठेवलंय, वाचायला नाही. पिंपळनेरच्याही पलीकडची ना तू? बीएस्सी झालीस म्हणजे डॉक्टर झालीस का?"

डॉक्टर हे बोलले तेव्हा पुण्याचे दोन पाहुणे डॉक्टर शेजारी उभे होते. ते हसले. मग नर्सही हसली. माझ्या हातात काच तशीच.

जळगावातल्या त्या दवाखान्यात स्कॅनचं मशीन नवं होतं. चित्रात छातीतली गाठ बघायची, बरगड्यांमधून लांब सुई घालायची, सुईत आलेलं काचेवर पसरून तपासणीला पाठवायचं. पसरायचं काम माझं. सुई गाठीत नीट गेली की बहुतेकदा पांढुरके कण येतात. त्या दिवशी नुसतं रक्त. मी एवढंच म्हणाले होते, "सर, यात कण नाहीत. परत घ्यावं लागेल." पाहुण्यांसमोर बोलले, हा माझा गुन्हा.

"फॉर्मवर लिही, नमुना पुरेसा."

पुढचं मला माहीत होतं. रिपोर्ट येणार, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. सुई चुकली तरी रिपोर्ट तसाच येतो. पण डॉक्टर पेशंटच्या घरच्यांना सांगणार, गाठ साधी आहे, जा.

सगळे चहाला गेले. टेबलावर शिंदखेड्याकडचे आबा पालथे पडले होते. त्यांनी मान वळवली.

"सुई बराबर लागनी का वं, माय?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. एवढं शिकले ते या माणसाशी खोटं बोलायला?

"नाही लागली, आबा. परत टोचावी लागेल."

"मंग टोचा. माले खरं समजाले जोयजे."

फॉर्मवर लिहिलं: फक्त रक्त, नमुना अपुरा. खाली माझं पूर्ण नाव.

चार दिवसांनी परत सुई घातली. कण आले. कॅन्सर निघाला. डॉक्टर आबांच्या मुलाला म्हणाले, "मला संशय होताच."

माझ्याशी कुणी बोलेना. महिनाभर जिन्यात एकटीनं डबा खाल्ला. मग डॉक्टरांनी बोलावलं.

"यापुढे मला विचारून लिहायचं."

"दिसेल तेच लिहीन, सर."

काढलं त्यांनी. मी धुळ्याला दुसऱ्या दवाखान्यात गेले. ओळखीचं कुणी नाही. तिथल्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "काचेवर असेल तेच लिहीन, आणि सही करीन. चालत असेल तर ठेवा."