राखून ठेवलेला कागद

घरातल्या सगळ्यांत पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्यानं आठवणी लिहाव्यात का, हे मला ठाऊक नाही. या धिटाईबद्दल माफ करा.

सिंदेवाहीला आम्ही सात जण लाकडावर ठसे कोरून चित्रं छापतो. दर वाटपाला प्रत्येकानं आपल्या ठशाची एकेक प्रत बाकी सहा जणांना द्यायची. कच्च्या प्रती स्वतःकडे ठेवायच्या आणि चांगल्या कागदावरच्या दुसऱ्यांना, अशी आमची रीत.

माझ्याकडे हातकागदाचे सहा ताव होते. ते मी एका स्पर्धेसाठी लपवून ठेवले आणि वाटायच्या प्रती झेरॉक्सच्या कागदावर काढल्या. शाईतलं तेल कडेनं पिवळं उतरलं.

आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाई तलावावर मासेमारी करतात. त्यांनी माझी प्रत उजेडात धरली.

"काऊन रे बाबू, याच्यात त आमी झिंगे बी बांधून देत नाई!"

सगळे हसले.

"चांगला कागद भेटलाच नाई, बाई," मी म्हणालो.

"राहू दे. चित्र मस्त हाये तुहं."

त्यांनी मला दिलेली प्रत जाड, स्वच्छ हातकागदावर होती.

पुढच्या वाटपाला मी परीक्षेचं निमित्त सांगून गेलोच नाही. स्पर्धेलाही चित्र पाठवायचा धीर झाला नाही. ते ताव पेटीत कोरेच आहेत.

काल एका सोबत्याचा फोन आला. कागद नाही म्हणून मी लाजून येत नाही, असं बाईंना वाटलं. त्यांनी प्रत्येकाकडून एकेक चांगला ताव मागून माझ्यासाठी ठेवला आहे.